नांगर धरला की नाही

जून लागला की हर्णैला होड्या वर ओढून घेतात. इंजिनं उतरवतात, जाळी गुंडाळून माळ्यावर जातात, होडीवर झापांचं नाहीतर ताडपत्रीचं छप्पर चढतं. मग नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या दर्याच्या जागी आणि आपण आपल्या. माझं सगळं लहानपण या हिशेबात गेलं. त्यामुळे लग्नानंतर जर्मनीत येऊन बरीच वर्षं झाली, तरी मामेभावाने फोनवर "ताई, जुलैत ग्रीसला शिडाची बोट घेऊ या, बेटाबेटांतून फिरू" म्हटलं तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "जुलैत? समुद्रात?"

तो रॉटरडॅमला असतो. तिथल्या गढूळ, थंड पाण्यात शिडं हाकायला शिकला, परवाना काढला. आता उन्हाळा आला की आम्ही दोन्ही घरं मिळून आयोनियन समुद्र गाठतो. लेफ्काडा, मेगानिसी, कालामोस, कास्टोस, इथाका, केफालोनिया. ग्रीसच्या पश्चिम अंगाला असलेली ही बेटं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की एकावरून निघताना दुसरं समोर दिसतंच.

जुलैत समुद्र इतका शहाण्यासारखा कसा वागतो, याचं उत्तर शोधताना मी वाचत वाचत परत आपल्याच पावसाशी येऊन पोचले. मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या दोन हवामानशास्त्रज्ञांनी १९९६ साली मांडलं की भारतीय उपखंडावर मान्सूनच्या ढगांतून जी प्रचंड उष्णता मोकळी होते, तिचा परिणाम दूर पश्चिमेला, पूर्व भूमध्यसागरापर्यंत पोचतो. तिथे हवा वरून खाली उतरत राहते, आणि उतरणाऱ्या हवेत ढग धरत नाहीत. शिवाय मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा वायव्य भारतापासून पाकिस्तान, इराण ओलांडून थेट तुर्कस्तानपर्यंत पसरलेला असतो. बाल्कनकडच्या जास्त दाबाकडून त्या बाजूला वारा वाहतो. ग्रीसच्या पूर्वेकडच्या एजियन समुद्रात तो मेल्टेमी होऊन दिवसरात्र झोडपतो. आयोनियनमध्ये त्याचा मवाळ भाऊ असतो, माइस्ट्रो. हर्णैच्या होड्यांना घरी बसवणारा पाऊस आणि इथाकावरचं कोरडं निळं आकाश यांचं नातं आहे, हे कळलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं. परक्या समुद्रात आपलं कुणी निघावं तसं.

माइस्ट्रो वायव्येचा. सकाळी पाणी तेलासारखं सपाट. बाराएकच्या सुमाराला क्षितिजावर गडद रेघ उमटते, तासाभरात शिडं भरतात, तीन ते पाचच्या दरम्यान पंधरा-वीस नॉट, म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल, वारा असतो, आणि सूर्य कलला की तो आवरतं घेतो. रात्री कधीकधी डोंगरावरून थंड हवा खाली घसरते, आपल्याकडच्या मतलईची, जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याची, बहीण. सगळा दिवस या वेळापत्रकावर बेततात: सकाळी लवकर निघायचं, दुपारी वाऱ्याबरोबर पळायचं आणि चारच्या आत मुक्कामाच्या खाडीत शिरायचं. ऑगस्टमध्ये तर तीनच्या आत, कारण जागा उरत नाही.

शिडाचा प्रवास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वाऱ्यात कललेली बोट येते, उडणारं पाणी येतं. ते आहेच, आणि सुंदर आहे. पण माझं मन बसलं ते त्यानंतरच्या अर्ध्या तासावर, बोट थांबवण्यावर. गाडी थांबवली की ती थांबते. बोट थांबवावी लागते, आणि मग रात्रभर थांबलेली ठेवावी लागते. तळाशी काय आहे, वारा कुठून फिरेल, शेजारचा किती लांब आहे, या सगळ्याचा विचार करून एक जागा पक्की करायची, आणि ती कुणाच्या नावावर नसते. दुसऱ्या दिवशी तिथे आपली काही खूणही राहू नये.

आमच्या बोटीवर नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, उभं राहायचं काम माझं. मामेभाऊ मागे सुकाणूवर. खाडीत शिरलो की आधी एक संथ फेरी मारतो. मी पाण्यात बघत असते. भूमध्यसागराचं पाणी इतकं नितळ की सात-आठ मीटर खालचा तळ दिसतो. फिकट निळा-हिरवा तुकडा म्हणजे वाळू. गडद, डाग पडल्यासारखा तुकडा म्हणजे गवत. करडा आणि खडबडीत म्हणजे खडक. आम्हाला फिकट तुकडा हवा असतो, तोही पुरेसा मोठा.

तो सापडला की वाऱ्याला तोंड देऊन हळू पुढे जायचं, बोट जवळजवळ उभी राहिली की नांगर सोडायचा. विंडलासचं, म्हणजे साखळी सोडणाऱ्या-ओढणाऱ्या यंत्राचं, बटण पायाखाली दाबलं की साखळी खडखडत जाते. साखळीवर दर दहा मीटरला रंगाची खूण असते. बोट वाऱ्याने मागे सरकत जाते तशी साखळी तळावर लांबट पसरत जायला हवी. एकदम सोडली तर नांगरावरच ढीग पडतो.

"ताई, किती?"

"वीस... तीस... चाळीस गेली!"

"थांब तिथेच. आता मागे खेचतो."

आठ मीटर पाणी, त्यात नाळेची पाण्यापासूनची उंची मिळवायची, आणि त्याच्या चौपट-पाचपट साखळी सोडायची, असा हिशेब. एवढी कशाला, तर आठ टनांच्या बोटीला वीसेक किलोचा नांगर वजनाने धरूच शकत नाही. तो धरतो कारण ओढ आडवी येते आणि त्याचं पातं वाळूत खाली खाली शिरतं. साखळी कमी असेल तर ओढ वरच्या दिशेला लागते आणि नांगर उपटून येतो. जी. आय. टेलर या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १९३३ साली फाळाच्या आकाराचा, सांध्यात फिरणारा नांगर काढला, तो मुळात पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी. टेलर स्वतः शिडाच्या बोटीतून फिरणारा माणूस. द्रवांच्या गतीवर आयुष्यभर मोठं काम केलेल्या माणसाने एवढ्याशा लोखंडाचा इतका विचार करावा, याचं मला अप्रूप वाटतं.

मग इंजिन रिव्हर्समध्ये. आधी हळू, मग जोर वाढवत. मी वाकून साखळीवर तळहात ठेवते. नांगर खडकावरून घसरत असेल तर साखळीतून हाताला ठोके जाणवतात, अडखळत अडखळत, कुणी खालून दार वाजवावं तसे. वाळूत रुतला असेल तर साखळी ताठ होते, एकदा कण्हल्यासारखी करते आणि गप्प बसते. त्याच वेळी मी किनाऱ्यावर दोन खुणा धरलेल्या असतात. समजा, पाण्याजवळचं एक ऑलिव्हचं झाड आणि त्याच्या मागे वर पांढऱ्या भिंतीचा कोपरा. इंजिन खेचत असताना झाड आणि कोपरा एका रेषेत राहिले, म्हणजे आपण हललो नाही. झाड कोपऱ्याला सोडून सरकू लागलं, म्हणजे सगळं परत. साखळी वर, नांगर वर, पुन्हा फेरी. परत करायला आम्ही कधीच कंटाळा करत नाही. शेजारच्या बोटींवरची माणसं बघत असतात, बघू देत.

आणि तरीही शेवटी मास्क लावून पाण्यात उतरायचंच. हा माझा सगळ्यात आवडता क्षण. साखळीच्या वरून पोहत पुढे जायचं. खाली वाळूवर साखळीची रेघ पडलेली असते, मधे एखादं वळण. पुढे पुढे जात टोकाला पोचलं की नांगर दिसतो. म्हणजे दिसत नाही, पातं पूर्ण आत गेलेलं असतं आणि फक्त दांडी वर असते. बाजूला उकरलेल्या वाळूत छोटे मासे काहीतरी टिपत असतात. वर येऊन अंगठा दाखवला की मामेभाऊ इंजिन बंद करतो. मग कोकमाचं सरबत. आगळाची बाटली आईने दिलेली असते, ती दरवर्षी बोटीवर येते. चाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात अंगाला लागतं ते तेच.

गडद डाग टाळायचे ते फक्त आपल्या झोपेसाठी नाही. ते गवत म्हणजे पॉसिडोनिया ओशियानिका. शेवाळ वाटतं, पण ती फुलं-फळं येणारी वनस्पती आहे आणि भूमध्यसागराबाहेर कुठेच उगवत नाही. स्वच्छ पाण्यात चाळीस मीटर खोलीपर्यंत तिची कुरणं असतात. माशांची पिल्लं तिथे वाढतात, तळाची वाळू ती धरून ठेवते, मुळांच्या जाळ्यात हजारो वर्षांचा कार्बन साठलेला असतो. पसरते मात्र वर्षाला काही सेंटिमीटर. इबिथा आणि फॉर्मेंतेरा या स्पॅनिश बेटांमधली तिची कुरणं १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. तिथेच एका कुरणात कित्येक किलोमीटर अंतरावरचे तुकडे एकाच झाडाचे निघाले, आणि त्याचं वय शास्त्रज्ञांनी हजारो वर्षांत मोजलं. अशा ठिकाणी मोठ्या यॉटचा नांगर रात्रभर फिरला, तर एका मुक्कामात जे उपटलं जातं ते आपल्या नातवंडांच्या हयातीतही भरून येणार नाही. बालेआरिक बेटांच्या सरकारने २०१८ साली या गवतावर नांगर टाकायला बंदी घालणारा हुकूम काढला. तो योग्यच आहे, आणि माझ्या मते सगळ्या भूमध्यसागरात तसा असायला हवा. नांगरासाठीही ती जागा वाईटच. पात्यावर पानांचा गुंता अडकतो, ते वाळूपर्यंत पोचत नाही आणि धरल्यासारखं वाटून मध्यरात्री सुटतं. बोटीचं भलं आणि तळाचं भलं इथे एकाच वाळूच्या तुकड्यात आहे, मग हयगय करायला कारणच काय?

हर्णैच्या मुलीला या समुद्रात सगळ्यात विचित्र काय वाटतं, तर भरती-ओहोटी. ती जवळजवळ नाहीच. आमच्याकडे ओहोटीला होड्या चिखलात कलंडतात, मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात घालतात, आणि दिवसाचं सगळं पंचांग पाण्यावर चालतं. इथे पाणी वीतभर वर-खाली होतं, बस. संध्याकाळी ज्या खडकावर चपला काढल्या, तिथे त्या सकाळीही कोरड्याच. त्यामुळे बोट किनाऱ्याच्या अगदी जवळ नेता येते. पण या बेटांचे किनारे सरळ उतरतात. तीस मीटर आत गेलं की पाणी वीस मीटर खोल. म्हणून मेगानिसीच्या उत्तरेकडच्या अरुंद खाड्यांमध्ये निराळी पद्धत आहे. नांगर पुढे खोल पाण्यात टाकायचा आणि मागून दोन लांब दोर काठावर बांधायचे. दोर घेऊन पोहत जायचं काम माझ्या जावेचं. ती पुण्याच्या टिळक तलावात पोहायला शिकलेली, सगळ्यांत सरस. पायात रबरी बूट लागतात, कारण खडकांवर काळे समुद्री साळिंदर, म्हणजे अर्चिन, दाटीने बसलेले असतात. दोर खडकाच्या सुळक्याला घालायचा, झाडाला नाही. पाइनच्या खोडांना दोरांनी सोललेल्या गोल जखमा मी पाहिल्या आहेत. काही झाडं उभ्यानेच वाळून गेलेली.

मग रात्र. खाडीतल्या बोटींचे डोलकाठीवरचे पांढरे दिवे लागतात आणि झाडांवरच्या सिकाडा किड्यांची किरकिर थांबते. नांगरावरच्या बोटीची झोप पूर्ण नसते. फोनवर अलार्म लावलेला असतो. ठरलेल्या वर्तुळाबाहेर बोट गेली की तो वाजतो. पण त्याच्या आधी कान जागे होतात. पाण्याचा बोटीच्या अंगावर होणारा आवाज बदलतो, कुठेतरी दोरी डोलकाठीवर आपटायला लागते. एका रात्री दोनच्या सुमाराला डोंगरावरून अशीच हवा सुटली. आम्ही दोघं वर आलो तर वाऱ्याकडची एक बोट सावकाश आमच्याकडे येत होती, अंधारात, दिवा शांतपणे जळतोय आणि आत सगळे झोपलेले. मामेभावाने भोंगा वाजवला, मी फेंडर, म्हणजे बोटी एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे धरायचा फुगा, घेऊन कठड्याशी उभी राहिले. आतून एक वयस्क जोडपं बाहेर आलं. आजोबांनी क्षणभर इकडे-तिकडे पाहिलं आणि इंजिन सुरू केलं. आजी अनवाणी धावत नाळेवर गेल्या. पुढचा पाऊण तास आम्ही टॉर्चचा झोत त्यांच्यासाठी पाण्यावर धरून ठेवला, नांगर पुन्हा धरेपर्यंत. सकाळी त्या छोटी होडी, डिंघी, वल्हवत आल्या आणि अंजिरांची पिशवी देऊन गेल्या. भाषा कुणालाच कुणाची नीट येत नव्हती. खाडीत हा रिवाज आहे: जो आधी आला त्याच्या वर्तुळात नंतर येणाऱ्याने शिरायचं नाही, किती साखळी सोडलीय ते विचारायचं, आणि रात्री कुणाचं सुटलं तर उठायचं. तो कुणी लिहून ठेवलेला नाही, तरी बहुतेक जण पाळतात.

कालामोस बेटाच्या दक्षिणेला पोर्ट लिओने नावाची खाडी आहे. काठावर गाव आहे, पण गावात कुणी नाही. ऑगस्ट १९५३ मध्ये या बेटांवर भूकंपाची मालिका झाली. १२ ऑगस्टचा धक्का सगळ्यात मोठा होता, ७ रिश्टरच्या वरचा. केफालोनिया तर काही भागांत अर्धा मीटर आणि त्याहूनही जास्त वर उचललं गेलं. बेटाच्या उत्तर टोकाचं फिस्कार्दो तेवढं बचावलं, म्हणून तिथे अजून व्हेनिसच्या काळातली घरं दिसतात. पोर्ट लिओनेची माणसं त्यानंतर निघून गेली. छपरं कोसळलेली, खिडक्यांतून अंजिराची झाडं बाहेर आलेली, दारांच्या चौकटी रिकाम्या. चर्च मात्र शाबूत आणि झाडलोट केलेलं. कुणीतरी येऊन करून जातं. मी त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसले होते. माझ्या माहेरच्या वाडीतही मुंबईला गेलेल्यांच्या घरांना बारा महिने कुलूप असतं, आणि देवळात मात्र रोज दिवा लागतो.

खाली पाण्यात बोट आपल्या साखळीवर सावकाश फिरत होती. ओडिसियस या ग्रीक वीराच्या कथेत त्याच्या इथाका बेटावरच्या एका बंदराचं वर्णन आहे: दोन्ही बाजूंनी कडे, आत पाणी इतकं निवांत की शिरलेल्या नावांना दोरही बांधावा लागत नाही. वीस वर्षं घरासाठी झुरलेल्या माणसाला बंदर असंच दिसणार. मी इथाकाच्या व्हाथीच्या खाडीत नांगर टाकलेला आहे. डोंगरांनी चहूबाजूंनी वेढलेली, नकाशावर तळ्यासारखी दिसणारी ती खाडी. पण दुपारचा माइस्ट्रो डोंगरांवरून वळसा घेऊन नेमका तिथे जोरात उतरतो. तिथे आम्ही पन्नास मीटर साखळी सोडतो.

अलीकडच्या काही वर्षांत उन्हाळा पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. १८ ऑगस्ट २०२२ ला कॉर्सिकावर सकाळी वादळाची एक फळी आली. ताशी २२० किलोमीटरच्या वर झोत नोंदले गेले, माणसं गेली, नांगरावरच्या कितीतरी बोटी किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. त्या उन्हाळ्यात तिथला समुद्र नेहमीपेक्षा खूप गरम होता. सप्टेंबर २०२० मध्ये इयानोस नावाचं चक्रीवादळ आमच्याच या बेटांवर, केफालोनिया आणि इथाकावर आदळलं. भूमध्यसागरात चक्रीवादळ, हे ऐकून मला निसर्ग वादळानंतरची दापोली आठवली, वाडीत आडव्या पडलेल्या माडांसकट. तेही त्याच वर्षी, जूनमध्ये. तेव्हापासून आम्ही हवामानाचा अंदाज सकाळ-संध्याकाळ बघतो, आणि इटलीकडून गडगडाटी ढग येताहेत असं दिसलं की सुंदर खाडी सोडून कुरूप पण बंदिस्त बंदरात जातो. मुलं कुरकुरतात. त्यांना आइस्क्रीम मिळतं.

कुणाच्या मनात जायचं असेल तर माझा सल्ला असा: ऑगस्ट टाळा. जूनमध्ये पाणी थोडं थंड असतं पण खाड्या मोकळ्या असतात आणि टॅव्हर्नातल्या, म्हणजे तिथल्या खाणावळीतल्या, लोकांना बोलायला वेळ असतो. परवाना असलेला माणूस बरोबर हवाच, आणि बोट भाड्याने देणारे चार्टरवाले दुसराही जाणता माणूस मागतात. बोट ताब्यात घेताना शिडं, इंजिन, गॅस दाखवतील. तेव्हा नाळेवर जा आणि सगळी साखळी बाहेर काढायला सांगा. ती शेवटपर्यंत मोजा, रंगाच्या खुणा धुऊन गेल्या असतील तर रंगीत दोऱ्या बांधून घ्या, आणि तिचं आतलं टोक बोटीला पक्कं बांधलंय ना ते डोळ्यांनी बघा. वेळ लागेल, ते घड्याळाकडे बघतील, तरी बघा. दोन लांब तरंगणारे दोर मागून घ्या. एक चांगला मास्क घरूनच न्या, चेहऱ्याला बसणारा.